बायोडेट्यातला मामा

राखी, तू आधी नुसतं ऐक. चहा गार झाला तरी चालेल, पण मध्ये बोलायचं नाही. तू लग्नाला नव्हतीस, त्यामुळे तुला लोकांनी अर्धंच सांगितलंय. हर्षालीनं म्हणे भर मांडवात तमाशा केला, मुहूर्त घालवला, बापाला मान खाली घालायला लावली. आता अख्खं ऐक आणि मग बोल.

सगळं सुरू झालं ते बायोडेट्यापासून. तुला माहितीये आपल्याकडे काय असतं. मुलीचं शिक्षण एका ओळीत वाचतात आणि मामकुळावर बोट ठेवून बसतात. मामा कोण, गाव कोणतं, करतो काय. हर्षाली स्वतःच टाइप करत होती, तिच्या खोलीत, मांडीवर लॅपटॉप. वडील शेखर, उद्योजक, सातपूर. आई सुवर्णा, गृहिणी. मग आली मामाची ओळ, आणि तिचे हात थांबले.

दारात तिचे पप्पा उभे होते. "प्रफुल्लचं टाक," म्हणाले.

"पप्पा, प्रफुल्लमामा चुलत आहे."

"चुलत म्हणजे परका का? तुझ्या आईच्या सख्ख्या काकाचा मुलगा आहे. बाग आहे, बंगला आहे. नाथाचं काय लिहिणार तू? ग्रामपंचायतीची कचऱ्याची घंटागाडी चालवतो, असं?"

हे शांतपणे बोलले ते. ओरडले असते तर ती भांडली असती. आई स्वयंपाकघरात होती, तिला सगळं ऐकू येत होतं, आणि मिक्सर मात्र तेव्हाच सुरू झाला. हर्षालीनं टाइप केलं: मामा, प्रफुल्ल, प्रगतशील बागायतदार, सायखेडा. सेव्ह केलं. पीडीएफ केली. पप्पांनी दहा मिनिटांत तीन ग्रुपवर टाकली पण.

आता नाथामामा कोण ते ऐक. हर्षाली लहान होती तेव्हा पप्पा सातपूरला कंपनीत शिफ्ट करायचे, एका खोलीत राहायचे. आईचं दुखणं चाललं होतं. म्हणून पोरीला सायखेड्याला ठेवली, बालवाडीपासून चौथीपर्यंत. तिला शाळेत सोडायचं, आणायचं, वेणी घालायची, सगळं नाथामामा करायचा. वेणी इतकी घट्ट घालायचा की पोरीचे डोळे वर जायचे. त्याचं लग्न तेव्हा झालं नव्हतं, पुढेही झालं नाही.

आणि त्यांच्या घरात एक रीत होती. मामानं भाचीला पाया पडू द्यायचं नाही. उलट मामानंच भाचीच्या पाया पडायचं. आजी म्हणायची, शंभर बामण एकीकडं नि एक भाची एकीकडं. दर दिवाळीला हा एवढा मोठा माणूस त्या शेंबड्या पोरीच्या पायाला हात लावायचा आणि ती खदखदून हसायची, कारण गुदगुल्या व्हायच्या. सवयच झाली होती त्याची. निघताना पाया, आल्यावर पाया.

मग पप्पांनी स्वतःचं वर्कशॉप टाकलं, ते चाललं, गंगापूर रोडला फ्लॅट झाला. वास्तुशांतीला नाथामामा ड्युटीवरून थेट आला, नारिंगी जाकीट अंगात. पप्पा त्याला म्हणाले, "नाथा, तू वर गच्चीवर बस, तिथं ताट पाठवतो." तो बसला, जेवला, आणि त्यानंतर त्या घरी आलाच नाही. कोणाला काही बोलला नाही. दिवाळीला फोन करायचा, तोही हर्षालीलाच. "पाया पडतो गं," म्हणायचा आणि ठेवून द्यायचा.

तर बायोडेटा गेला आणि रोहितचं स्थळ आलं. त्याच्या वडिलांची, पुंजारामअण्णांची, द्वारका चौकात ट्रॅक्टरची एजन्सी. घर मोठं, माणसं नीट. रोहित तर तिला पहिल्याच भेटीत आवडला, कारण तो कॉफी सांडल्यावर लाजला नाही, टिश्यूनं पुसत पुढचं बोलत राहिला. घरात त्याची आजी, कुसाबाई. ऐंशीच्या घरातली, नऊवारी, आणि नजर अशी की तू खोटं बोलायच्या आधीच तिला कळतं.

त्याच आठवड्यात गंमत बघ. हर्षाली कॉलेजात तासिकेवर इंग्रजी शिकवते ना, एस.वाय.ला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. त्यात एक बाई असते, वर चढत जाते, आणि भर बाजारात स्वतःच्या भावाला ओळख दाखवत नाही, कारण त्याच्या बुटाला चिखल असतो. हर्षालीनं फळ्यावर 'वर्ग' असा शब्द लिहिला, बाण काढले, अर्धा तास बोलली. मागच्या बाकावरच्या आयुषनं विचारलं, "मॅडम, मग ती बाई वाईट ना?" ही म्हणाली, "वाईट नाही रे, घाबरलेली आहे." आणि बोलताना तिच्या हातातला खडू मोडला. कशामुळे ते पोरांना कळलं नाही. तिला कळलं.

मग बस्त्याचा दिवस. सगळे साडीच्या दुकानात, गाद्यांवर साड्यांचा ढीग. कुसाबाई एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांनी हर्षालीला जवळ बोलावलं आणि सहज, म्हणजे अगदी शेंगा सोलता सोलता बोलावं तसं सांगायला लागल्या.

"आम्ही चौकशीला सायखेड्याला गेलतो, बरं का. मी नि पुंजाराम. गावात शिरलो तर घंटागाडी आडवी. म्या त्या डायव्हरला तुझा कागद दाखवला. म्हणलं, ह्या पोरीचं मामकुळ कुठं ऱ्हातं? त्यानं आधी हात पॅन्टीला पुसले, मग कागद धरला. लय वेळ वाचीत व्हता. मला वाटलं, वाचता येत नाय का काय."

हर्षालीच्या हातात एक जांभळी साडी होती. ती तशीच राहिली.

"मग म्हणला, प्रफुल्लशेठचा बंगला पुढं, डाव्या हाताला. म्या इचारलं, पोरगी कशी हाय? तर काय सांगू, त्या माणसाचं तोंडच थांबंना. चौथीपर्यंत इथल्याच शाळेत व्हती, एक दिवस खाडा नाय. शेवगा आवडत नाय पण ताटात टाकीत नाय. झोपेत दात खाती. म्या म्हणलं, बाबा, तू हिचा कोण? तर म्हणला, कोणी नाय आज्जी, गावातली पोर हाय, समद्यांनाच म्हाईत."

कोणी नाय. राखी, तुला सांगते, हर्षालीच्या पायाखालची गादीच सरकली. मामानं तो कागद वाचला होता. तिनं स्वतःच्या बोटांनी टाइप केलेला. आपल्या जागी दुसऱ्याचं नाव बघितलं, आणि ते खरं करायला तो स्वतःच म्हणाला, मी कोणी नाही.

"आणि बंगल्यावर गेलो," कुसाबाई बोलतच होत्या, "तर तुझ्या त्या मामाला तू कितवीपोतर गावात व्हती तेबी सांगता येईना. ऱ्हाऊ दे. पण त्या गाडीवाल्याच्या शब्दावर म्या सोयरीक पक्की केली. म्हणून त्याला आवतान दिलंय. आमच्याकडनं."

घरी आल्यावर हर्षालीनं आई-पप्पांना सांगितलं. आई म्हणाली, आता काय करायचं? पप्पा मात्र मिनिटभर विचार करून म्हणाले, "येऊ दे. नाथा तोंड उघडणार नाही. चांगला माणूस आहे."

चांगला माणूस आहे. ह्याच तोंडानं. आणि तरी हर्षालीनं मामाला फोन केला नाही. रोज नंबर काढायची, बघायची, ठेवून द्यायची. काय बोलणार होती? मामा, ये, पण माझा मामा म्हणून येऊ नकोस?

लग्न गंगापूर रोडच्या एका लॉनवर. चार वाजता साखरपुडा, सहा अडतीसचा मुहूर्त. पत्रिकेत मामा म्हणून प्रफुल्लचं नाव, फोटोसकट. तो गुलाबी फेटा बांधून सकाळपासून फिरत होता, जेवणाच्या काउंटरवर पनीर चाखून सूचना देत होता. तसा वाईट नाही गं तो. त्याला सांगितलं मामा हो, तो झाला.

साखरपुड्याला हर्षाली स्टेजवर बसली, समोर बघितलं आणि तिला नवऱ्याकडच्या खुर्च्यांत, तिसऱ्या रांगेत, नाथामामा दिसला. पांढरा शर्ट, घड्या तशाच, म्हणजे नवीन. केसांना तेल लावून भांग पाडलेला. मांडीवर एक पिशवी घट्ट धरलेली. आपल्या भाचीच्या लग्नात नवऱ्याकडचा पाहुणा. तिनं हात वर करायला घेतला आणि त्यानं हळूच मान हलवली. नको.

मग सत्कार सुरू झाले. तुला माहितीये ना, टॉवेल, टोपी, नारळ, आणि माईकवरचा माणूस दमत नाही. याचं नाव, त्याचं नाव, आणि एकदम, "ही सोयरीक ज्यांच्या शब्दावर जुळली, ते सायखेड्याचे नाथाभाऊ, यांनी स्टेजवर यावं."

पुंजारामअण्णांनी स्वतः त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. पप्पा टाळ्या वाजवत होते, पण बघत दुसरीकडे होते. माईकवाला म्हणाला, "मुला-मुलीनं आशीर्वाद घ्यावेत." रोहित वाकला. नाथामामानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग हर्षाली वाकली.

आणि तो दचकून मागं सरकला. "अगं अगं, पाप लावती का मला," असं तोंडातून निघालंच त्याच्या, तिचे दोन्ही हात धरले, तिला उभं केलं, आणि स्वतः खाली वाकून तिच्या पायाला हात लावला. वीस वर्षांची सवय. तोंड आवरलं होतं बिचाऱ्यानं, पाठीचा कणा आवरायचा राहिला.

पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण सगळ्यांना माहीत आहे ना, त्या बाजूला कोण कोणाच्या असं पाया पडतं. नाथामामा वर उठला आणि त्याच्या लक्षात आलं आपण काय केलं. चेहरा असा झाला की जणू त्यानं काही चोरलं होतं.

कुसाबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. "बाई हर्षाली, हा तुझा कोण?"

आता बघ. तिला बोलायचं होतं. ओठ उघडले होते. पण तिनं आधी पप्पांकडे बघितलं. पप्पांच्या कपाळावर घामाची धार होती आणि ते नजरेनं नुसते विनवत होते. आयुष्यात तिनं त्यांना असं बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "सायखेड्याचे आहेत. ओळखते मी."

ओळखते मी. तिचे शब्द, राखी.

नाथामामा लगेच हसला. "आज ही लक्ष्मी हाय आज्जी. लक्ष्मीच्या पाया नाय पडायचं तर कुणाच्या?" लोक हसले, टाळ्या पडल्या, माईकवाल्यानं पुढचं नाव घेतलं. मामा खाली उतरला. कुसाबाई फक्त हर्षालीकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी मान वळवली. ती मान वळवलेली तिला सगळ्यात जास्त लागली.

त्यानंतर दोन तास ती नवरीच्या खोलीत होती. शालू नेसवला, मुंडावळ्या बांधल्या, कोणी फोटो काढत होतं, कोणी नथ सरळ करत होतं. ती बाहुलीसारखी बसून. डोक्यात एकच वाक्य. ओळखते मी. त्या कादंबरीतली बाई निदान गप्प तरी राहिली होती.

सव्वासहाला आई आत आली. हातात तीच पिशवी. "नाथा फाटकाशी देऊन गेला. सहापर्यंत उभा होता. म्हटलं जेवून जा, तर म्हणे उशीर होतोय." पिशवीत अष्टपुत्री होती. मामानं नवरीला द्यायची असते ती, लग्नात नेसायची, पिवळी. प्रफुल्लनं आणलेली भारीतली आधीच पलंगावर पडली होती. ही साधी, सुती. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. पिकोफॉल तेवढं कोणाकडून तरी करून आणलेलं.

तेवढ्यात बाहेर माईकवर, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं." प्रफुल्ल दारात हजर. फेटा नीट करत म्हणाला, "चला भाचीबाई, मुहूर्त जवळ आला."

हर्षाली उठली. शालूवरूनच ती पिवळी सुती साडी तिनं खांद्यावर घेतली. म्हणाली, "प्रफुल्लमामा, तुम्ही बसा. राग मानू नका. आई, मामाला फोन लाव."

आईनं लावला. कितीतरी वर्षांनी तिनं भावाला स्वतःहून फोन केला होता. स्पीकरवर नुसते हॉर्न. "नाथा, कुठं पोचला?"

"द्वारकेला हाय ताई. सिग्नलला."

"मागं फिर." एवढंच म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

हर्षाली एकटी निघाली. खरंच एकटी. शेजारी मामा नाही, मागे करवल्या गोंधळलेल्या, सनईवाला कधी सुरू करू म्हणून बघतोय. हजार माणसं अक्षता हातात घेऊन उभी. पप्पा धावत पुढे आले, दात दाबून म्हणाले, "हर्षू, तू माझी इज्जत घालवू नकोस." ती थांबली नाही. स्टेजवर चढली. गुरुजी म्हणाले, "मामा कुठं आहेत?"

गुरुजींच्या कॉलरला माईक होता आणि तो चालू होता. तिच्या ते ध्यानातही नव्हतं. ती त्यांना म्हणाली, "माझा मामा द्वारकेच्या सिग्नलला अडकलाय. नाथामामा. मघाशी ज्यांचा सत्कार केला तेच. बायोडेट्यात मी खोटं लिहिलं होतं. ते आल्याशिवाय मला उभं राहता येणार नाही. थांबाल का?"

अख्ख्या लॉनवर घुमलं ते. पार भांडी घासणाऱ्या बायकांपर्यंत गेलं. पप्पांनी तिथंच एका खुर्चीची पाठ धरली. पुंजारामअण्णा लालेलाल. "खोटं म्हणजे? शेखरराव, हे काय ऐकतोय आम्ही?" कोणीतरी म्हणालं, मोडा लग्न. तुला सांगते, तो एक मिनिट तिनं कसा काढला तिचं तिलाच माहीत. कारण मोडलं असतं, तर त्यांची चूक नव्हती. खोटं हिच्याच घरचं होतं.

रोहित अंतरपाटाच्या पलीकडे होता. त्यानं त्या कापडाचा काठ जरा खाली ओढला आणि विचारलं, "द्वारकेहून किती वेळ लागेल?"

"वीस-पंचवीस मिनिटं."

"मग मी बसतो. हा फेटा फार टोचतोय." आणि बसला खुर्चीत.

तरी अण्णा ऐकेनात. मुहूर्त, पाहुणे, समाज. तेव्हा कुसाबाई काठी टेकत उठल्या. "पुंजाराम, मागल्या लग्नात त्या पुढाऱ्यापायी दीड तास उभं केलं मला उन्हात. तवा मुहूर्त कुठं गेलता? मामापायी अर्धा तास थांबलो तर देव काय पळून जातोय?" मग हर्षालीकडे वळल्या. "मला दुकानातच संशय आलता. दुपारी तुला म्या जागा दिली व्हती बोलायला. तू ती वाया घालवलीस. त्याचं बोलणं आपण घरी बोलू." आणि गुरुजींना म्हणाल्या, "तवर म्हणा काहीतरी. गणपतीपासनं सुरू करा."

गुरुजींनी काय काय म्हटलं देव जाणे. लोकांच्या मुठीत अक्षता घामानं चिकटल्या. काही माणसं उठून जेवायला गेली. सात वाजून पाच मिनिटांनी फाटकातून मोटारसायकल आत आली, थेट लाल गालिच्यावर. नाथामामा उतरला. खांद्यावर अजून तोच सत्काराचा टॉवेल. टोपी वाऱ्यानं गेली होती कुठंतरी. हजार माणसं आपल्याकडे बघतायत हे कळल्यावर तो जागीच थांबला.

हर्षाली स्टेजवरून उतरून त्याच्यापर्यंत गेली. तो कुजबुजला, "काय केलंस पोरी? चांगलं जमलं होतं की समदं." चिडला होता तो. खरंच चिडला होता. तिला वाटलं होतं रडेल, जवळ घेईल. तर तो म्हणाला, "माझी एवढीशी गोष्ट. मी टाकली होती ना गिळून." तिनं नुसता हात पुढे केला. त्यानं हाताला लागलेलं ऑइल टॉवेलला पुसलं आणि मग तिचा हात धरला.

लग्न लागलं. मागे मामा उभा होता. पप्पाही होते, जरा लांब. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोललेले नाहीत, मांडवपरतणीलासुद्धा आतल्या खोलीतच बसून राहिले. कुसाबाईंनी घरी खरंच तासभर सुनावलं तिला. आणि नाथामामा अजून तिच्या सासरी गेलेला नाही, म्हणतो, जरा निवू दे.

सगळे हर्षालीला म्हणतात, काय धाडस केलंस. तिला ते ऐकवत नाही. ती म्हणते, धाडस कसलं, दोनदा नाही म्हणून झाल्यावर तिसऱ्यांदा हो म्हटलं, तेही तो निघून गेल्यावर. पहिल्यांदा तर खोलीत कोणीच बघत नव्हतं, तेव्हा काय झालं होतं मला?

म्हणून तुला विचारते. मांडवातलं सोड, तिथं सनई होती, माणसं होती, रक्त तापतं माणसाचं. तू खोलीत आहेस. मांडीवर लॅपटॉप. दारात तुझे पप्पा, शांतपणे बोलतायत. स्वयंपाकघरात मिक्सर. 'मामा' लिहून झालंय आणि पुढे कर्सर लुकलुकतोय. खरं सांग राखी, तू काय टाइप केलं असतंस?